कॉलेज तालुक्यात आहे, तालुक्याचं नाही

२०१० च्या हंगामात आमच्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एक रसायन अचानक घराघरांत माहीत झालं. क्लोरमेक्वॅट क्लोराइड. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची शेंडेवाढ आवरायची आणि काडीत घड धरायला मदत करायची, म्हणून ते वर्षानुवर्षं फवारलं जात होतं. त्या वर्षी युरोपात उतरलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर अडकले. एप्रिल-मेमधल्या फवारणीचा जाब पुढच्या हंगामात हजारो मैलांवर कुणी विचारेल, असं इथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. निर्यातीसाठी जपलेला माल देशी बाजारात विकायची पाळी अनेकांवर आली.

मी तेव्हा तालुक्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. तृतीय वर्षाला नेमकी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायची पद्धत, चालू होती. युरोपातल्या प्रयोगशाळांनी ज्या तत्त्वावर तो अंश पकडला, तेच तत्त्व. मी फळ्यावर आकृती काढली, कोणता घटक कागदावर किती पुढे सरकतो ते सांगणाऱ्या आरएफ मूल्याचं सूत्र लिहिलं, गाळणकागदावर शाईचा ठिपका टाकून त्यातले रंग वेगळे करून दाखवले. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी बाग होती. तास संपल्यावर एकाने विचारलं, ‘‘सर, आमच्या मालाचा नमुना आपल्या लॅबमध्ये नाही का तपासता येणार?’’ मी म्हणालो, ‘‘नाही रे, तसं उपकरण आपल्याकडे नाही.’’

उत्तर खरं होतं आणि अपुरंही. उपकरण असतं तरी तो नमुना आम्ही तपासला नसता. ते अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेला नव्हतं, आणि बाहेरच्या माणसाचा नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत घ्यायचा तर कुणाची परवानगी लागते हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. कॉलेजच्या कुंपणापलीकडे बाग होती. शास्त्र अलीकडे होतं. मधल्या फाटकाला पाच वाजता कुलूप लागायचं.

या फाटकाबद्दल मला लिहायचं आहे. ग्रामीण कॉलेजांविषयी बोलताना आपण नेहमी दोनच गोष्टींवर येतो : दर्जा नाही आणि नोकऱ्या नाहीत. मग उपाय म्हणून कौशल्याचे अभ्यासक्रम काढतो. माझं म्हणणं असं की हा रोग कौशल्याच्या अभावाचा नाही. आपल्या तालुक्याच्या कॉलेजावर तालुक्याचा हक्क नाही, हा तो रोग आहे. जागा तालुक्याची, मुलं तालुक्याची, बहुतेक ठिकाणी पहिला पैसाही तालुक्याचाच. पण तिथे काय शिकवायचं, कुणाला शिकवायचं, कोणत्या वेळी शिकवायचं, यातलं काहीही ठरवताना तालुक्याला कुणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजाचा अभ्यासक्रम दोनशेहून अधिक किलोमीटरवर पुण्यात बसलेलं अभ्यास मंडळ ठरवतं. तोच अभ्यासक्रम पुणे शहरात, तोच अकोल्याच्या डोंगरात (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भवाल्यांनी रागावू नये), तोच आमच्या द्राक्षात. एकसारखेपणा म्हणजे समानता, असं आपण धरून चाललो आहोत.

हे वेगळं असू शकतं, हे मला पहिल्यांदा पटलं ते एका चमत्कारिक नावाच्या गावाबद्दल वाचताना. वाला वाला. मराठी माणसाला पुढे टोपीवाला, भाजीवाला असं काहीतरी येईलसं वाटतं. पण हे अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातलं गाव आहे आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ पाण्यांची जागा’. गावाची वस्ती तीस-पस्तीस हजार, पूर्ण काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, साठ-बासष्ट हजार. म्हणजे एकट्या निफाड तालुक्यात अशा सात-आठ काउंट्या मावतील. पिकं काय? गहू, वाटाणा, द्राक्ष आणि गोड कांदा. तिथला कांदा इतका प्रसिद्ध की राज्याने २००७ मध्ये त्याला अधिकृत ‘राज्यभाजी’ करून टाकलं. लासलगावच्या शेजारी जन्मलेल्या माणसाने पुढे वाचलं नसतं तरच नवल.

या गावात १९६७ पासून एक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आहे. गव्हाच्या पट्ट्यातलं कॉलेज म्हणून ते शेतीयंत्रांची दुरुस्ती शिकवतं, सिंचन शिकवतं, परिचारिका तयार करतं. गावात राज्याचा जुना तुरुंग आहे, तर तुरुंगाच्या भिंतीआडही त्याचे वर्ग भरतात. नदीतलं पाणी शेतीला ओढून ओढून सामन मासा नाहीसा झाला होता. तो परत आणण्यासाठी झटणाऱ्या उमाटिला आदिवासींच्या लोकांना आणि पाण्यावर काम करणाऱ्या इतरांना एकत्र बसता यावं म्हणून कॉलेजच्या आवारात पाणी आणि पर्यावरणाचं केंद्र उभं राहिलं. आणि २००० साली त्याने द्राक्षशेती व वाइननिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू केला.

त्या खोऱ्यातली पहिली व्यावसायिक वाइनरी १९७७ मधली. म्हणजे कॉलेजने उद्योग जन्माला घातला असा दावा कुणी करू नये. लोक आधी धडपडतच होते. कॉलेजने एवढंच केलं की त्या धडपडीतल्याच एका वाइनवाल्याला, माइल्स अँडरसन यांना, अभ्यासक्रम उभा करायला लावलं आणि आवारातच वाइनरी थाटली. तिथे विद्यार्थी स्वतः द्राक्ष तोडतात, आंबवतात, बाटल्या भरतात आणि त्या बाटल्या खरोखर विकल्या जातात. वर्गात अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि जुना धंदा बुडाल्यावर नवा शोधणारा पन्नाशीचा माणूसही. सुरुवातीला खोऱ्यातल्या वाइनऱ्यांची संख्या दोन आकडी होती, आज ती शंभरापुढे गेली आहे. २०१३ साली देशातल्या उत्तम कम्युनिटी कॉलेजांना दिला जाणारा ॲस्पेन पुरस्कार या आडगावच्या कॉलेजला विभागून मिळाला.

आता आपल्याकडचं पंचांग पाहा. नाशिकच्या सुला वाइन कंपनीची स्थापना १९९९ ची. महाराष्ट्र सरकारचं द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण २००१ चं. त्यात अबकारी सवलती होत्या, निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्कसाठी भूखंड होते. काळ तोच, पीक तेच, कांदासुद्धा तोच म्हणा ना. धोरणाच्या भरवशावर कितीतरी बागायतदारांनी एकत्र येऊन, कर्जं काढून लहान वाइनऱ्या टाकल्या. २००८-०९ च्या मंदीत त्यातल्या बऱ्याच आडव्या झाल्या. टाक्या होत्या, द्राक्ष होतं. आंबवण कधी थांबवायचं, पिंप कसं राखायचं, माल कुणाला कसा विकायचा हे जाणणारी माणसं पुरेशी नव्हती. ती बाहेरून आणणं लहानांना परवडत नव्हतं. वाइनचं शिक्षण महाराष्ट्रात नव्हतंच असं नाही; मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण मांजरी पुण्याजवळ, आणि पदव्युत्तर म्हणजे आधी विज्ञानाची पदवी हवी. विंचूरच्या ज्या शेतकऱ्याने टाकी बसवली होती, त्याने कुठे जायचं? त्याच्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात विज्ञान शाखेची कॉलेजं होती. त्यांच्यापैकी एकानेही संध्याकाळी फाटक उघडून ‘या, बसा, किण्वनाचं रसायनशास्त्र सांगतो’ म्हटलं नाही. त्या न म्हणणाऱ्यांत मीही होतो. मला सुचलं नाही, हे पहिलं कारण. सुचलं असतं तरी मला तो अधिकार नव्हता, हे दुसरं.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार अमेरिकेत जन्मला तोही अशाच एका फाटकापाशी. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ मध्ये तिथल्या हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी सहा विद्यार्थ्यांवर कॉलेजची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायला सुरुवात केली. मुलांना घर सोडावं लागू नये, हा साधा हेतू. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने अशी सार्वजनिक कॉलेजं देशभर पसरावीत अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात तीन पायऱ्या स्पष्ट आखल्या : गुणवत्तेत वरच्या एक अष्टमांशाला संशोधन विद्यापीठं, वरच्या एक तृतीयांशाला राज्य विद्यापीठं, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. तिथे कॉलेजच्या प्रत्येक जिल्ह्याचं विश्वस्त मंडळ त्या भागातले मतदार निवडून देतात आणि स्थानिक मालमत्ता कराचा वाटा कॉलेजला जातो. म्हणजे गावातल्या किराणा दुकानदारालाही विचारता येतं, माझ्या पैशांचं काय केलंत?

वॉशिंग्टन राज्यात तसं नाही. तिथे विश्वस्त राज्यपाल नेमतो आणि पैसा मुख्यतः राज्याकडून येतो. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, धंद्याशी निगडित प्रत्येक अभ्यासक्रमाला सल्लागार समिती असते आणि तीत कामावर ठेवणारे आणि कामावर असणारे दोघेही बसतात. दोन, तिथे दोन वर्षांची ठरलेली पदविका घेतलेला विद्यार्थी राज्यातल्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. तसा करारच आहे. गावातलं शिक्षण वरच्या शिक्षणात मोजलं जातं. ही दुसरी गोष्ट विसरून पहिली नुसती कागदावर उचलली की काय होतं, ते आपण करून पाहिलं आहे.

आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द नवा नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये, पाठोपाठ चेन्नईत ख्रिस्ती संस्थांनी, गळती झालेल्या गरीब मुलांसाठी अशी केंद्रं सुरू केली आणि त्यात मनापासून काम झालं. मग योजना आल्या. २००९ मध्ये इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) आली आणि काही वर्षांत गुंडाळली गेली. २०१३-१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची आली. चालू कॉलेजांनीच प्रस्ताव पाठवायचे, मंजुरी दिल्लीहून, निधी दिल्लीहून. अपवाद असतील, पण मी जवळून पाहिलं ते असं : एका खोलीवर नवी पाटी लागली, दोन कंत्राटी शिक्षक आले, ‘उद्योगांशी सामंजस्य करार’ म्हणून शहरातल्या कुणा कंपनीचा कागद फाइलला लागला, आणि निधी थांबला तशी पाटीवर धूळ बसू लागली. पदविका घेतलेल्या मुलांना पदवीला पहिल्या वर्षापासूनच बसावं लागलं. त्या खोलीत काय शिकवावं हे बाजार समितीला, द्राक्ष बागायतदार संघाला, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांना कुणी विचारलं नव्हतं. नावात तेवढी ‘कम्युनिटी’ होती.

खरं तर हा अमेरिकेचा धडा गिरवायची आपल्याला गरजच पडायला नको होती. महाराष्ट्रात ग्रामीण शिक्षण उभं राहिलं ते सरकारच्या आधी लोकांच्या पैशांवर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, गावोगावच्या लोकांनी धान्य दिलं, जमिनी दिल्या. पुढे साखर कारखाने आले आणि कितीतरी ठिकाणी उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम शिक्षणासाठी कापली जाऊ लागली. कपात म्हणतात तिला. अमेरिकेतल्या मालमत्ता कराहून ही काही वेगळी गोष्ट नाही. आमच्या शेतकऱ्याने कॉलेजसाठी कर भरला. नुसता भरला नाही, ऊस तोलून भरला.

फरक पुढे पडला. कर भरणाऱ्याला मत मिळालं कारखान्यात. कॉलेज मात्र वेगळ्या ट्रस्टच्या नावावर गेलं. कारखान्याच्या निवडणुकीत जो सभासद अध्यक्षाला घाम फोडू शकत होता, तोच ट्रस्टच्या ऑफिसात नातवाच्या प्रवेशासाठी चिठ्ठी घेऊन उभा राहू लागला. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना मुभा मिळाल्यावर हे अंतर आणखी वाढलं. ज्या आवारात कपातीच्या पैशांतून पहिली इमारत उठली, तिथेच शेजारी अशी फी असलेली इमारत उठली जी कपात देणाऱ्याला परवडत नव्हती. लोकांनी बांधलेल्या संस्था लोकांच्या हातून गेल्या आणि त्याबद्दल फारसा आरडाओरडा झाला नाही. कारण त्या ‘साहेबांच्या’ आहेत असं म्हणायची सवय आपल्यालाच लागली होती. सभासदांच्या मतांवर कारभारी निवडणाऱ्या जुन्या शिक्षणसंस्था आजही आहेत, नाशिकची मराठा विद्या प्रसारक ही त्यातली मोठी. पण तिथेही मत सभासदाला. कॉलेजच्या भिंतीला लागून राहणारा, सभासद नसलेला माणूस मोजला जात नाही.

कायद्यात जागा नाही असंही नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आणली. तीत शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य असावेत असं म्हटलं आहे. वाचायला छान वाटतं. पण त्यांना नेमतं कोण? व्यवस्थापन, प्राचार्यांशी विचारविनिमय करून. त्यामुळे ‘उद्योग’ म्हणून संस्थेचा कंत्राटदार येतो आणि ‘समाजसेवा’ म्हणून कोण येतो ते सुज्ञांना सांगायला नको. बैठकीत चहा होतो, इतिवृत्तावर सह्या होतात.

आता आक्षेप. पहिला मला नेहमी हसवतो : लोकांच्या हाती दिलं तर राजकारण शिरेल. जणू आज कॉलेजात वेदपठण चालू आहे! राजकारण आहेच, फक्त ते बंद दाराआड आहे आणि एकाच पक्षाचं किंवा एकाच घराण्याचं आहे. उघड निवडणुकीत निदान हिशेब तरी मागता येतो.

दुसरा आक्षेप मला झोपू देत नाही, आणि तो खुद्द अमेरिकेतूनच आलेला आहे. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या अशा कॉलेजाचा अभ्यास करून दाखवलं की तिथे गरिबाच्या मुलाची महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड केली जाते. दार सगळ्यांना उघडं असतं. मग चाचण्या, समुपदेशन, ‘तुझ्यासाठी हा छोटा कोर्स बरा’ असं करत करत त्याला पदवीच्या वाटेवरून बाजूला काढलं जातं, आणि हा आपलाच निर्णय आहे असं त्याला वाटू लागतं. आजही तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पदवी हवी असते आणि सहा वर्षांत ती हाती पडते जेमतेम सहातल्या एकाला. २०१० नंतर एकूण विद्यार्थीही खूप घटले. तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं समजायचं कारण नाही.

आपल्याकडे तर या प्रश्नाला जात आहे. ‘यांना कौशल्य द्या, पदवी घेऊन काय करणार’ हे वाक्य कुणाच्या मुलांबद्दल बोललं जातं ते ऐका. बोलणाऱ्याचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला असतो. म्हणूनच दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या आईबापांना ‘कौशल्य शिक्षण’ म्हटलं की बाप-आजाचं काम पुन्हा गळ्यात पडतंय असा संशय येतो आणि तो संशय रास्त आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे मांडलं त्यात याचं उत्तर आहे, असं मला वाटतं. त्यांनी एकीकडे विचारलं की सरकारची तिजोरी रयतेच्या कष्टावर भरते आणि उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा वरच्या वर्गांनाच का? दुसरीकडे त्यांनी गावच्या शाळेत मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या बरोबरीने शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य मागितलं. शेती की व्याकरण, असा पेच त्यांनी शेतकऱ्याच्या मुलापुढे टाकला नाही. दोन्ही मागितलं. तेव्हा स्थानिक ज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गातून वर जाणारी शिडी हवी, आणि ती प्रवेशाच्या दिवशीच लेखी हवी. ती नसेल तर असलं कॉलेज नकोच. मग मी त्या संशयी आईबापांच्या बाजूने.

तिसरा आक्षेप दर्जाचा. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सोडून गावाने ठरवलेलं शिकवलं तर विषय पातळ होईल, म्हणतात. सीसीसीचंच उदाहरण घ्या. द्राक्षातला एक अंश शोधायचा तर नमुना कसा काढायचा (एका वेलीचा नव्हे, पूर्ण प्लॉटचा), अर्क कसा घ्यायचा, प्रमाणद्रावण कसं करायचं, कोट्यंशातलं मोजमाप म्हणजे काय, चुकीची शक्यता किती, आणि मुळात ही मर्यादा कुणी व कशावरून ठरवली, एवढं सगळं लागतं. माझ्या शाईच्या ठिपक्यात यातलं काय होतं? पातळ काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी वीस वर्षं ते शिकवलं.

आणि कॉलेजला कधीच न दिसणारी माणसं. दरवर्षी पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. विरळणी, डिपिंग, काढणी ही कामं त्या करतात. मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवणाऱ्या बाईच्या हाताला जे कळतं ते मला प्रयोगशाळेत कधी कळलं नाही : मणी केवढा झाला की बुडवायचा, किती वेळ धरायचा, झटका कसा द्यायचा. तिच्या या विद्येचा कागद नाही, म्हणून मजुरीत वाढ नाही. त्या द्रावणाने, फवारणीच्या औषधांनी तिच्या अंगाला काय होतं हे तिला कुणी सांगत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजांत एक पद्धत आहे, एका वर्गात दोन शिक्षक उभे करायची. एक धंद्याचा, दुसरा भाषा आणि आकडेमोडीचा. ‘आधी लिहायला शिकून ये, मग कामाचं शिकवतो’ असं प्रौढ माणसाला सांगितलं की तो परत येत नाही, हे ओळखून केलेली. पेठची बाई आणि आमचं कॉलेज यांच्यात असा एक वर्ग का भरू नये? टोळी तालुक्यात चार-पाच महिने असते. कॉलेज संध्याकाळी रिकामं असतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून शाळा सोडलेल्या मुलांना गावाची खरी कामं करता करता शिकवलं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी करून पदवीच्या वाटेवर घेतलं. दोन्ही तुकडे महाराष्ट्रातच तयार आहेत. पाबळकडे जमीन आणि हत्यारं आहेत, मुक्त विद्यापीठाकडे उघडं दार आणि पदवी. हे दोन्ही एका आवारात आणून, त्यांच्या मधोमध तालुक्याला बसवलेलं कॉलेज मी अजून पाहिलेलं नाही.

मागणी मोठी नाही. विकास समितीतले स्थानिक सदस्य व्यवस्थापनाने नेमू नयेत. ते तालुक्याच्या संस्थांनी, म्हणजे ग्रामपंचायती, बाजार समिती, शेतकरी कंपन्या, बचतगटांचे संघ, कामगार संघटना यांनी आपापले निवडून पाठवावेत आणि त्यांची संख्या चारावर अडू नये. पदवीच्या श्रेयांकांचा (क्रेडिटचा) चौथा हिस्सा कॉलेजने या समितीसोबत ठरवावा, विद्यापीठाने त्याची पातळी तपासावी, विषय ठरवू नये. स्थानिक पदविका घेतलेल्याला त्याच विद्यापीठात पुढच्या वर्षाला हक्काने प्रवेश मिळावा. श्रेयांकांची बँक दिल्लीने २०२१ मध्येच उघडली आहे, खातं आहे तर पैसे काढता आले पाहिजेत. वयाची अट नको. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं. यासाठी पगारी माणूस लागेल. रिकाम्या शिक्षकांच्या जागा तासिका तत्त्वावर भरून हे होणार नाही, तेवढं शासनाने ऐकून ठेवावं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक आताच आहेत आणि बहुतेक कॉलेजांत ते वृक्षारोपणाचे फोटो चिकटवून मिळवले जातात. मी निवृत्त झालो; पण माझा एक विद्यार्थी आता दुसऱ्या एका तालुक्यात रसायनशास्त्र शिकवतो. त्याला मी एवढंच सुचवलं आहे की गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आधी पन्नास बागांच्या फवारणीच्या वह्या मुलांकडून गोळा कर. कोणतं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख, काढणीला किती दिवस बाकी. मग ज्यांच्या वह्या आहेत त्यांना एका संध्याकाळी विज्ञान शाखेच्या वर्गात बोलव आणि त्यांच्यासमोर त्या वाच. त्याचा परवा फोन आला. वह्या अठ्ठावीस जमल्या आहेत. वर्ग सहानंतर उघडा ठेवायला संस्थेची लेखी परवानगी लागते, अर्ज दिला आहे, असं म्हणाला.